घमेल्यातले निखारे

"लाईट गेली तर काय एवढं! घमेल्यात इंगळ घे, बाजंखाली सरकव आन् गोधडी घेऊन पड," आई फोनमध्ये ओरडून सांगत होती. ओरडून, कारण अमेरिका लांब आहे. फोन माझ्या हातात, स्पीकरवर. पलीकडे ऑस्टिनला माझी भाची. २०२१ चा फेब्रुवारी, टेक्सासातली ती कुप्रसिद्ध थंडी. अंगावर एकावर एक चढवलेले कपडे, डोक्याला टोपी, आणि मोबाईल खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून चार्ज करून आणलेला. "हो आज्जी," एवढंच ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण आज्जी, इथं सगळीकडे सांगतायत की घरात कोळसा पेटवायचा नाही. माणसं मरतात त्यानं." आई क्षणभर गप्प झाली. फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू ते वाक्य मीच बोललो होतो. "आमी मेलो का मग?" म्हणाली आणि उठून गोठ्याकडे गेली. धारेची वेळ झाली नव्हती, तरी गेली.

तो प्रश्न माझ्या डोक्यात अडकून राहिला. आई चुकीचं बोलली असं ठामपणे म्हणता येईना, आणि भाची तर अगदीच बरोबर होती. दोघींच्या मधे फोन धरून मी बसलो होतो.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. हॉटेलात (हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी आणि वरून पत्रा) दिवसभर तेवढाच विषय. अमेरिकेत लोडशेडिंग! एकजण म्हणाला, आपला वायरमन धाडून द्या तिकडं, आकडा टाकून देईल. दुसरा म्हणाला, त्यांना म्हणावं रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला उठा, मग कळंल. सगळे हसले, मीही हसलो. एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही, बरं वाटलं होतं. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी गावात काढली, बारा-बारा तास पंख्याकडे बघत ज्यांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा झाल्या, त्यांना टेक्सास अंधारात आहे हे ऐकून थोडंसं बरं वाटलं तर त्यात फार मोठं पाप नाही. फक्त त्या अंधारात आपलंच लेकरू कुडकुडत बसलं होतं, म्हणून ते हसू घशाखाली नीट उतरत नव्हतं.

नंतर मी त्याबद्दल बरंच वाचलं. १५ फेब्रुवारीच्या पहाटे तिथली वीजनिर्मिती एकामागून एक गळत गेली. गॅसच्या विहिरी गोठल्या, नळ गोठले, केंद्रांतली दाब मोजणारी यंत्रं गोठली, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ चढला. तिकडच्या विजेचा ठोका ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडणारा; तो ५९.४ च्याही खाली गेला आणि तिथंच रेंगाळला. त्या पातळीखाली नऊ मिनिटं राहिला असता तर उरलीसुरली केंद्रंही स्वतःला वाचवण्यासाठी सुटली असती आणि सगळं जाळं काळंठिक्कर पडलं असतं. ४ मिनिटं ३७ सेकंद शिल्लक असताना ते सावरलं, आणि सावरलं कसं, तर ४५ लाखांवर घरांची वीज तोडून. शेजारच्या राज्यांकडून उसनी घ्यावी तर टेक्सासनं आपलं जाळं पूर्वीपासून जवळजवळ वेगळंच ठेवलेलं. मला आपली सोलापूर-रायचूर लाईन आठवली. ३१ डिसेंबर २०१३ ला ती ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाला बांधला गेला. आता काश्मीरपासून केरळपर्यंत एकच ५० चा ठोका पडतो. तो आमच्या गावठाणापर्यंत येता येता कुठल्या झाडाच्या फांदीला अडकतो ही गोष्ट वेगळी. टेक्सासातल्या त्या थंडीत सरकारी हिशेबानंच २४६ माणसं गेली. त्यांत बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून ऊब घेणारे होते, घरात कोळशाची शेगडी पेटवून झोपलेलेही होते.

म्हणजे भाचीनं सांगितलं ते ऐकीव नव्हतं.

आता बर्फाचं आणि आमचं नातं काय, असं कुणी विचारेल. मराठवाड्यात थंडी पडते, नाही असं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी काही हिवाळ्यांत येतेच. डिसेंबरात रात्री दोनला थ्री फेज आली की गव्हाला बारे द्यायला उठलेला माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा त्याला अंश विचारायची गरज नसते. पण पाणी गोठत नाही. बर्फ आम्हाला दोनच ठिकाणी भेटायचा: जत्रेतल्या गोळ्यात आणि आभाळातून. आभाळातला फुकट असे आणि तोच सगळ्यात महाग पडे. लहानपणी गारा पडायला लागल्या की आजी अंगणात मुसळ फेकायची, गारा थांबाव्यात म्हणून. मुसळ फेकल्यावर गारा थांबायच्याच, कारण गारा फार वेळ पडतच नाहीत. आम्ही पोरं डोक्यावर पाट धरून अंगणात पळायचो, मूठभर गारा पितळी तांब्यात गोळा करायचो आणि त्या विरघळेपर्यंत चोखायचो. त्यांना मातीची आणि धुळीची चव असायची. दारातून वडील पुढच्या आभाळाकडे बघत उभे असायचे आणि आम्हाला ओरडायचेसुद्धा नाहीत. त्यांचं ते न ओरडणं मला फार उशिरा समजलं.

गार पडते ती साधारण थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चात. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभासोबत वरच्या थरात गार हवा येते, समुद्राकडून बाष्प येतं, खाली जमीन तापायला लागलेली असते. ढगातला वर चढणारा झोत पाण्याचे थेंब गोठणाऱ्या उंचीवर नेतो, थरावर थर चढतो, आणि झोताला पेलवेनासं झालं की ते सगळं खाली येतं. नेमकं तेव्हा शेतात काय असतं? हरभरा घाट्यात, गहू ओंबीत, ज्वारी हुरड्यातून दाण्यात गेलेली, मोसंबीवर आंबे बहाराची बारकी फळं. म्हणजे खर्च सगळा झालेला आणि हातात काहीच आलेलं नाही, असा बरोबर तो पंधरवडा. आमच्या जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. आमच्या दादानं निम्मी बाग तोडली आणि निम्मी विकतच्या टँकरवर जगवली. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चात दोन आठवडे थांबेना. आज या तालुक्यात, उद्या त्या. टँकरनं जगवलेली ती निम्मी बाग गारांनी झोडली. दुष्काळाला शिव्या देता येतात, तो सावकाश येतो. गार वीस मिनिटांत येऊन जाते, शिवी सुचेपर्यंत ऊन पडलेलं असतं.

पण मला सांगायचंय ते २०१८ चं. ११ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र दोन दिवसांवर. मी शनिवारीच गावी आलो होतो. सकाळी आभाळ एकदम पिवळट-काळं झालं, वारं सुटलं, आणि मग पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. नव्या खोल्यांवर पत्रा, जुन्या घरावर माळवद. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, माळवदाच्या खोलीत गारा पडत असल्याचं जवळपास कळतच नव्हतं. दीड-दोन हात मातीचा थर गारा मुकाट पोटात घेत होता. आई मधल्या खोलीत देवापुढं बसली होती आणि दादा पत्र्याच्या पडवीत उभा होता. एकाच घरात दोघांची सकाळ वेगवेगळी चालली होती. थांबल्यावर बाहेर आलो तर अंगण पांढरं, लिंबाच्या पाल्यानं हिरवं, आणि मधे पडलेली पाखरं. साळुंक्या, होले, एक पोपट. शेतात गेलो तर पहिला आला तो वास. ठेचलेल्या हरभऱ्याचा आंबट वास, इतका दाट की तोंडाला पाणी सुटलं. शेताचं वाटोळं झालेलं, आणि माझ्या तोंडाला पाणी. शरीराला लाज नसते. मोसंबीच्या फांद्यांची साल एका बाजूनं सोलून निघाली होती, ज्या बाजूनं वारं होतं त्या बाजूनं. दादा बोटानं एकेक जखम दाबून बघत होता. म्हणाला, "आता यातून डिंक गळंल. बोर्डो मारावं लागंल." फवारायला पाणी लागतं. पाण्याला मोटार लागते. मोटारीला लाईट.

आणि लाईट तर पहिल्या पाच मिनिटांतच गेलेली. सिमेंटचे पोल मधनं मोडून तारांवर लोंबकळत होते, बाभळी तारांवर आडव्या, डीपीचं तेल खाली चिखलात. शहरात वीज गेली की माणूस आधी मेणबत्ती शोधतो. आमच्याकडे बाई आधी रांजणात डोकावते. गावाच्या विहिरीवर मोटार, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, वर टाकी, घरोघर नळ. मधली तार तेवढी तुटली की हे सगळं कोरडं. भोवताली गारा विरघळून ओहोळ वाहत होते आणि गोठ्यातली जनावरं दावणीला तोंड उघडून होती. आईनं पहिल्या दिवशी परातीत, टोपल्यात, मिळेल त्यात गारा भरून घेतल्या होत्या. मला वाटलं जुनी हौस असेल. संध्याकाळी तेच पाणी तिनं गाळून म्हशीला पाजलं. तीन वर्षांनी भाचीनं सांगितलं की त्यांच्याकडचे नळ फुटलेत आणि ते अंगणातला बर्फ बादलीत भरून संडासात ओततायत, तेव्हा आईला हे अजिबात नवल वाटलं नाही.

त्या दिवसांत गावातली सगळ्यात मोलाची जागा होती आमच्या वाड्यासमोर उभा असलेला चुलतभावाचा ट्रॅक्टर. त्याच्या बॅटरीला कुणीतरी बारका इन्व्हर्टर जोडला, इन्व्हर्टरला बोर्ड, बोर्डाला बोर्ड. बोनेटवर, मडगार्डवर, सीटवर मोबाईलच मोबाईल, प्रत्येकाच्या पाठीला खूण म्हणून चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं नाव. तासातासानं ट्रॅक्टर चालू करून बॅटरी भरायची, डिझेलची वर्गणी. ही धडपड गप्पा मारायला नव्हती. पीकविम्याचा तेव्हाचा नियम असा की गारपिटीसारखी आपत्ती आली तर ४८ तासांच्या आत कळवलं पाहिजे. कळवायचं फोनवरून. फोनला चार्जिंग नाही, टॉवर आडवा झालेला किंवा त्याचं डिझेल संपलेलं, आणि घड्याळ मात्र चालू. गावाच्या कडेच्या टेकडीवर चढलं की शेजारच्या गावाच्या टॉवरची एक कांडी यायची. म्हणून माणसं बोनेटवरून मोबाईल उचलायची, टेकडी चढायची, नंबर लावायची आणि तिथं एक गोड आवाजाची बाई सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दहा-पंधरा मिनिटं तिचं गाणं ऐकण्यात बॅटरी संपायची. मग परत खाली, परत बोनेट. दादानं एकदा पलीकडच्या माणसाला शेवटी गाठलंच, तर तो विचारतो, नुकसानीचा फोटो आहे का? फोटो होता. पाठवायला नेट नव्हतं. दादा त्याला म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं लाईट हाय का?" तो म्हणाला, हो. "मग तुम्हीच या की इकडं."

पंचनाम्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, आणि तो बऱ्याच जणांनी लिहिलाय. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट असते, ती आधी ५० ची होती. शेताकडे बघून ३२ आणि ३३ मधला फरक कुठल्या डोळ्यांना दिसतो ते मला अजून कळलेलं नाही. त्याच वर्षी नाव-गटनंबर लिहिलेली पाटी छातीशी धरून नुकसान झालेल्या पिकात उभ्या केलेल्या शेतकऱ्यांचे फोटो पेपरात गाजले. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्याला तो फोटो दाखवला तर तो म्हणाला, पाटी धरायला काय, पाटी धरतो, फक्त फोटो काढून झाल्यावर मोटार चालू करून द्या म्हणावं.

तर त्या अंधारात माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. आई सारखी काहीतरी सांगत होती, आणि तिनं सांगितलेलं जवळजवळ काहीच जमत नव्हतं. कंदील काढा, म्हणाली. कंदील माळ्यावर होता, काच शाबूत होती, वातही होती. रॉकेल नव्हतं. रेशनवरचं रॉकेल गावात यायचं कधीच थांबलं होतं, आणि ते थांबल्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं कारण घरात गॅस आला होता. पाणी हापशावरून आणा, म्हणाली. हापशाचा दांडा हलवला तर आतून नुसता कोरडा खडखडाट. नळयोजना आल्यावर त्याचं वायसर बदलायला कोण जाणार? मग आडावर जा. आड बुजवलेला, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि गेल्या वर्षीचा गणपतीचा मखर. दळण संपलं तर जात्यावर काढा. जातं होतं, पण त्याचा खुंटा मोडून किती वर्षं झाली कुणास ठाऊक, आणि वहिनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवते. विहिरीवर मोट लावा असं ती म्हणाली नाही, एवढीच तिची मेहेरबानी. शेवटी कुणाच्या तरी खळ्यावरच्या शेडमधून जुनं डिझेल इंजिन ओढत आणलं, त्याला पट्टा लावला आणि गावाला पाणी दिलं. ते इंजिन भंगारात न घातलेला माणूस आळशी म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या आळसावर गाव आठवडाभर पाणी प्यालं.

आईच्या पिढीला अंधार सोसायची ताकद जास्त होती असं आपण म्हणतो. मला ते पटेनासं झालंय. ताकद-बिकद काही नाही, त्यांच्याकडे वस्तू होत्या. रॉकेल होतं, आड होता, जातं होतं, सरपणाची गंजी होती, आणि त्या वस्तूंना धरून शहाणपण होतं. आपण एकेक वस्तू काढून टाकली. बरंच केलं, कारण जात्यावर दळून बायकांचे खांदे गेले आणि चुलीनं त्यांचे डोळे गेले. शहाणपण मात्र तसंच हवेत राहिलं, धरायला खाली काही नाही.

निखाऱ्यांचंही तसंच झालेलं.

आमच्या जुन्या घराच्या माळवदाला चुलीच्या वर एक भोक होतं, धूर जायला आणि उजेड यायला. पावसाळ्यात त्यावर फुटकं मडकं उपडं घालायचं. दारं म्हणाल तर एका फळीत आणि दुसऱ्या फळीत बोट जाईल एवढी फट, उंबऱ्याखालून मांजर जाईल एवढी जागा. त्या घरात घमेलंभर निखारे बाजेखाली ठेवून कुणी मेलं नाही हे आई सांगते ते खरंच आहे. घरच सारखं श्वास घेत होतं. नियम एकच होता: लाकडाचा धूर पुरता जाऊ द्यायचा, इंगळ लालबुंद झाला, डोळे चुरचुरायचे थांबले, की मगच घमेलं आत न्यायचं. धूर गेला म्हणजे धोका गेला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आणि नेमका तोच क्षण फसवा. हवा कमी पडलेल्या लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर निदान खोकून उठवतो तरी. हा झोपलेल्याला झोपेतच ठेवतो.

याचा अनुभव घरात येऊन गेलेला होता, म्हणून तर आईचा तो फोनवरचा सल्ला मला जास्त टोचला. गारपिटीनंतरच्या एका थंडीत चुलतभावाची बायको बाळंत झाली. त्यांनी तोवर स्लॅबचं घर बांधलेलं. गुळगुळीत फरशी, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दाराला रबरी पट्टी. मुंगी आत यायची नाही असं तो अभिमानानं सांगायचा. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, वर चादरी खोचलेल्या. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, वेखंड. पद्धत सगळी आईच्या वेळची, खोली मात्र नवी. पहिल्या दोन दिवसांत बाळंतिणीचं डोकं धरलं, मग उलट्या, मग नुसती ग्लानी. लेकरूही दूध ओढेना. घरात चर्चा सुरू झाली की कुणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि त्यासुद्धा त्याच शेगडीत टाकल्या. उपकेंद्रातली नर्स बाळाचं वजन करायला आली, तिनं दारातच नाक वर केलं आणि आधी खिडक्या सरकवल्या. शेगडी उचलून स्वतः अंगणात नेऊन ठेवली. आई तिच्यावर चिडली होती. बाळंतिणीला वारं लावलं म्हणून. बाळंतीण संध्याकाळपर्यंत उठून बसली.

टेक्सासचा फोन झाला त्या रात्री जेवताना मी आईला हे आठवून दिलं. म्हटलं, तो धूरच होता, न दिसणारा. आईनं भाकरी कुस्करली, त्यावर कालवण ओतलं, आणि म्हणाली, "ती दिष्टच व्हती. मिठानं उतरली. नर्स आली तवर उतरलीच व्हती." पुढं मी काही बोललो नाही. ज्या शेकावर तिनं स्वतःची बाळंतपणं काढली, सासूची शेवटची थंडी काढली, आम्हाला वाढवलं, त्यात विष होतं असं तिनं माझ्या सांगण्यावरून का मानावं? आणि तिच्या घरात ते नव्हतंच. गंमत अशी की त्याच रात्री झोपताना मी पाहिलं, तिनं खोलीच्या खिडकीचं एक दार लोटलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "डास नाहीत थंडीचे, असू दे."

भाचीकडे परत एकदा अंधार झाला तो २०२३ ला, जानेवारी संपून फेब्रुवारी लागता लागता. या वेळी पहिल्यासारखी मरणाची थंडी नव्हती, पण बर्फाचं वादळ म्हणतात ते हेच. आभाळातून पाणीच पडत होतं, नुसता पाऊस. वरचा थर उबदार, जमिनीलगतची हवा शून्याखाली. थेंब खाली येईपर्यंत पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, गाडीच्या काचेला टेकला की जागेवर गोठतो. आमच्या गारेच्या अगदी उलट. ती वर गोठून मारायला येते, हा खाली येऊन गोठतो आणि चढत राहतो. तिकडच्या लाइव्ह ओक जातीच्या झाडांची पानं हिवाळ्यातही झडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पानावर काचेचं ओझं. भाची म्हणाली, मामा, रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, आधी तडतड, मग धाडकन, मग काचा सांडल्यासारखं खळखळ, आणि मधे मधे निळा उजेड होऊन कुठलीतरी तार जायची. मी तो आवाज मनातल्या मनात पत्र्यावरच्या आवाजाशी ताडून बघत होतो. तिचा हप्ते देत देत येणारा, आमचा एकरकमी.

या वेळी ती तयार होती. बॅटरीवर चालणारा वायूचा अलार्म भिंतीला लावलेला, पाण्याचे कॅन भरलेले. फक्त शेगडी विजेची, म्हणून खाण्याचे हाल. ब्रेड आणि सफरचंदं खाऊन कंटाळली होती. लाईट आल्यावर तिनं फोन केला आणि थेट म्हणाली, "आज्जीला दे." मला वाटलं परत निखाऱ्यांवरून जुंपणार.

"आज्जी, दशम्या किती दिवस टिकतात?"

आई मांडी घालून नीट बसली. "पाण्याचं बोट लागू द्यायचं नाही," तिनं सुरुवात केली. "निवळ दुधात मळायचं. चार दिवसांला भेव नाही. तुमच्याकडं गार हाय, आठ दिवस जातेन." भाचीनं विचारलं, ज्वारीच्या की गव्हाच्या? ज्वारीचं पीठ तिच्याकडच्या भारतीय दुकानात मिळत होतं पण जुनं असायचं, भाकरी थापताना फाटायची. जुन्या पिठाला चिकटपणा नसतो, आईनं निदान केलं, गव्हाच्याच कर, गूळ घाल. तिकडं वादळाची खबर चार-चार दिवस आधी मिळते हे कळल्यावर तर आईला फारच हेवा वाटला. "चार रोज आधी? मग तुला काय कमी हाय? धपाटे कर, शेंगदाण्याची चटणी कर, लसूण जास्त घाल." मग बराच वेळ दुधाचं प्रमाण चाललं. भाची कपात मोजत होती, आई ओंजळीत. तिकडचं दूध पातळ असतं का म्हशीचं असतं यावर गाडी अडली. मला मध्येच विचारण्यात आलं की एका कपात किती ओंजळी बसतात, आणि मी स्वयंपाकघरातून चहाचा कप आणायला उठलो तेव्हा आई मागून ओरडली, "त्यो नगं, मोठा आण. अमेरिकेचे कप मोठे असतेत."